हेड गॅस्केट पुन्हा गेलं? तिसरं आणण्याआधी जुनं नीट वाचा

माझ्या सिंगल सिलिंडर २५० सीसी फोर-स्ट्रोक डर्ट बाइकने ओळीने दोन हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरचं हेड यांच्यामध्ये दाबून बसणारी, गळती अडवणारी पातळ चकती) खाल्ली. दोन्ही वेळा गाडी उभ्या उभ्या छान चालायची. वीसेक मिनिटं चढावर दामटली की ओव्हरफ्लोच्या नळीतून कूलंटची पिचकारी सुरू. दुसऱ्यांदा हेड उतरवलं तेव्हा एक गोष्ट पक्की समजली: एवढ्या लवकर दुसरं गॅस्केट जातं तेव्हा दोष बहुतेक वेळा गॅस्केटचा नसतो, ते ज्या दोन पृष्ठभागांमध्ये दाबलंय तिथे असतो.

पण हेडला हात लावण्याआधी खात्री करा, नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग थकली असेल तर इंजिन ठणठणीत असूनही कूलंट बाहेर पडतं. बऱ्याच गाड्यांचं झाकण १.१ बारचं असतं. ते दाब धरतं का, ते तपासून घ्या. ऑइल दुधाळ झालं असेल तर आधी वॉटर पंपाच्या सीलवर संशय घ्या. पंपाखालच्या बारीक भोकातून थेंब येत असेल तर सीलच गेलंय.

हे सगळं ठीक असेल तर लीकडाउन टेस्ट करा, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते बघा. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या अगदी वरच्या टोकाला आणा, गिअर टाकून मागचा ब्रेक धरा, नाहीतर हवा सोडताच क्रँक फिरेल. प्लगच्या भोकातून हवा भरा आणि उघड्या रेडिएटरमध्ये बघत राहा. बुडबुडे आले म्हणजे ज्वलनकक्षातून पाण्याकडे वाट झालीये. सायलेन्सरमधून सूं आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ब्रीदरमधून (इंजिनच्या खालच्या भागातली हवा सोडणारी नळी) आला तर पिस्टनच्या रिंगा. थंड इंजिनात बुडबुडे दिसले नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नका. जोर लावल्यावर ज्वलनाचा दाब कूलंटच्या दाबाच्या कितीतरी पट असतो, काही फटी तेव्हाच उघडतात.

आता हेड उतरवा, इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच, आणि नट उलट क्रमाने थोडे थोडे सैल करत. जुनं गॅस्केट फेकू नका. सगळी हकीकत त्याच्यावर लिहिलेली असते. बोअरच्या (पिस्टन फिरतो त्या गोल पोकळीच्या) कडेपासून पाण्याच्या भोकाकडे जाणारा काजळीचा काळा माग शोधा आणि ती जागा मार्करने हेडवर आणि सिलिंडरवर खूण करून ठेवा. माझ्या दोन्ही गॅस्केटांवर माग एकाच जागी होता, मागच्या उजव्या कोपऱ्यात. दर वेळी तीच जागा फुटत असेल तर तिथे पृष्ठभाग, स्टड (हेड आवळायचा आटेदार दांडा) किंवा डॉवेल (हेड नेमक्या जागी बसवणारी छोटी नळी) यांतलं काहीतरी बिघडलंय. जागा बदलत असेल तर दाब एकसारखा बसत नाही किंवा इंजिन नॉक करतंय, म्हणजे मिश्रण नीट न जळता धडाक्याने पेटतंय. पिस्टनच्या कडेला सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसले तर नॉकिंगच समजा. मग मिश्रण फार लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) आहे का, टायमिंग पुढे गेलंय का, पेट्रोलचा ऑक्टेन कॉम्प्रेशनला पुरतो का, हे आधी सोडवा.

पृष्ठभाग सरळ आहे का ते सरळ स्टील पट्टी आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्या) बघा: लांबीत, रुंदीत, दोन्ही कर्णांवर. मर्यादा मॅन्युअलमध्ये असते, पुष्कळ गाड्यांना ०.०५ मिमी. सिलिंडरचा वरचा भागही मोजा, तो बहुतेक जण विसरतात. किंचित वाक असेल तर व्हॉल्व्ह काढून, जाड सपाट काचेवर ४०० चा आणि मग ६०० चा वॉटर पेपर ठेवून हेड आठाच्या आकड्यासारखं फिरवा. आधी मार्करने रेघा मारा, त्या सगळीकडून सारख्या पुसल्या की थांबा. जास्त घासलं तर कॉम्प्रेशन वाढतं आणि कॅम टायमिंगही सरकतं, म्हणून मोठा वाक असेल तर मशीन शॉपला द्या. ग्राइंडरवरची खरखरीत चकती मात्र अजिबात लावू नका, तिने खळगे पडतात.

माझं हेड मात्र सरळ निघालं, तरी गळती होतीच. गोम डॉवेलमध्ये होती. त्या कोपऱ्यातल्या भोकाच्या तळाशी जुन्या कूलंटचा आणि ऑक्साइडचा दगडासारखा थर बसला होता, डॉवेल पूर्ण आत जात नव्हता. हेड त्याच्यावर टेकत होतं आणि बाजूचं गॅस्केट अर्धवट दाबलं जात होतं. टॉर्क पाना मात्र वेळेवर टक् करायचा. नट फिरवायला किती जोर लागला एवढंच पाना सांगतो. तो जोर गॅस्केटवर गेला की डॉवेलवर, हे त्याला कळत नाही. म्हणून व्हर्नियरने दोन्हीकडच्या भोकांची खोली मोजा. बेरीज डॉवेलच्या लांबीपेक्षा जास्तच हवी.

स्टडचे आटे स्वच्छ करा. बंद भोकात ऑइल किंवा कूलंट साचलं असेल तर ते शोषून काढा. बोल्ट त्या द्रवावर दाबून बसतो, पाना खोटा आकडा दाखवतो, कधी अ‍ॅल्युमिनियम तडकतं. आट्यांना आणि वॉशरखाली मॅन्युअल सांगेल ते लावा. नट तीन टप्प्यांत, तिरक्या क्रमाने कसा, ६ मिमीचे छोटे बोल्ट सगळ्यांत शेवटी. मल्टी-लेयर स्टीलचं गॅस्केट कोरडंच बसवा आणि उतरवलेलं परत वापरू नका.

कूलंट भरताना गाडी पुढून उंच करून हवा काढा. दुसऱ्या दिवशी इंजिन पूर्ण गार असताना झाकण उघडून पातळी बघा, मग झाकण लावून किक मारा आणि वरचा रेडिएटर होज बोटांत धरा. इंजिन कोमट व्हायच्या आतच होज टणक झाला तर गॅस अजून पाण्यात शिरतोय. परत मार्कर घ्या आणि खुणेच्या जागेकडे चला.