गोळीच्या दिवशी सोबत जाणाऱ्याने काय करावं

माझा धाकटा भाऊ न्यूयॉर्कमधल्या एका औषधाच्या चाचणीत होता. दारू सुटावी म्हणून सायलोसायबिन, म्हणजे त्या नशेच्या मशरूममधलं रसायन. न्यायला-आणायला मी. कुणी अशी सोबत करणार असेल तर माझ्या चुका ऐकून ठेवा.

पहिल्या मुलाखतीला शेजारी बसा. आमच्या पठ्ठ्याने बीपीची गोळी सांगितलीच नाही. मी टेबलाखालून पाय मारला तेव्हा बोलला. या औषधाने बीपी चढतं. लिथियम चालू असेल तर फिट येऊ शकते. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल तर तेही सांगायचं, लाज बाजूला ठेवून.

रोज पिणाऱ्याने चाचणीच्या नादात घरच्या घरी एकदम बंद करू नये. आधी हात थरथरतात, मग फिट येते, भास होतात; माणूस जातोसुद्धा. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

गोळीच्या दिवशी तो डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत लावून दिवसभर कोचावर. जवळ दोन थेरपिस्ट. आपण बाहेर. मी पहिल्यांदा आठ तास खुर्चीत जपमाळ घेऊन बसले, संध्याकाळी माझंच डोकं उठलं. घरी जा, वरणभात करा, वेळेवर परत या. गाडी त्याला चालवू देऊ नका. आणि "काय दिसलं?" विचारू नका. मी लिफ्टमध्येच विचारलं. म्हणाला, "ताई, पोह्यांचा डबा." पुढे तीन दिवस गप्प.

लोकांना वाटतं गोळीने काम होतं. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या चाचणीचे निकाल २०२२ मध्ये आले. ९३ माणसं, दोन डोस, पण समुपदेशन १२ आठवडे, आणि तेही दोन्ही गटांना. पुढच्या ३२ आठवड्यांत भरपूर पिण्याचे दिवस सायलोसायबिनवाल्यांत शंभरात ९.७, तुलनेसाठी ज्यांना अ‍ॅलर्जीची झोपाळू गोळी दिली त्यांच्यात २३.६. आता आपल्याला कुठली मिळाली हे बहुतेकांनी ओळखलंच होतं, तेव्हा आकडा जरा हात राखून घ्या. पण सायलोसायबिन न मिळालेलेही सुधारले, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. म्हणून मधल्या आठवड्यांतली एकही भेट चुकू देऊ नका. बर्फ पडला तरी.

पुण्याहून भाच्याचा फोन आला होता, "मावशी, मित्रासाठी कोडाईकनालहून मशरूम मागवू?" अजिबात नाही. भारतात सायलोसायबिन बाळगणं एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि पट्टी-थेरपिस्टशिवाय ती नुसती नशाच. तिथे मानसोपचारतज्ज्ञाकडे दारू सोडवायची औषधं, नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट मिळतात. १४४४६ या नशामुक्ती हेल्पलाइनला फोन करायचा.

पोह्यांच्या डब्याचं चौथ्या दिवशी कळलं. त्यामागे क्वार्टर लपवलेली होती. त्याने स्वतःच काढली, बेसिनमध्ये ओतली आणि म्हणाला, "उद्या दहाला भेट आहे, सोडशील ना?"