कार्बोनिक अनहायड्रेज वापरताय? या चुका टाळा

पिवळा रंग आला म्हणजे एन्झाइम चाललं, हा समज आधी डोक्यातून काढा. ई. कोलाय या जिवाणूत बनवलेलं मानवी कार्बोनिक अनहायड्रेज-२ तपासायला बहुतेकजण पॅरा-नायट्रोफेनिल अ‍ॅसिटेट हा एस्टर घेतात (तो तुटला की पिवळं नायट्रोफेनॉल सुटतं), कारण ते स्वस्त आहे आणि ४०५ नॅनोमीटरला रीडिंग सहज मिळतं. पण या एन्झाइमचं खरं काम कार्बन डायऑक्साइडचं बायकार्बोनेट करणं. तिथे एकेक रेणू सेकंदाला सुमारे दहा लाख फेऱ्या मारतो. एस्टर तोडणं हा त्याचा जोडधंदा, तोही फार संथ. शिवाय हा एस्टर नुसत्या बफरमध्ये आपोआप तुटतो. पीएच चढा असेल तर आणखी लवकर. त्यामुळे एन्झाइम नसलेला ब्लँक प्रत्येक प्लेटवर हवाच. ‘कालचा ब्लँक आहे ना’ हे मी ऐकून घेत नाही.

आणि ब्लँक म्हणजे तेच बफर, फक्त एन्झाइमविना. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला आलेली एक मुलगी यातच अडकली होती. रीडिंग झकास, पण या एन्झाइमला रोखणारं अ‍ॅसिटाझोलामाइड (इनहिबिटर) कितीही घातलं तरी वेग जेमतेम उतरायचा. तिने इनहिबिटर नवा मागवला, तो विरघळवायचं डीएमएसओ बदललं, पिपेट कॅलिब्रेट करून घेतली. शेवटी मी विचारलं, “एन्झाइम कशात डायल्यूट करतेस?” शेजारच्या बाकावरच्या एलायझाच्या (अँटिबॉडीवर चालणाऱ्या चाचणीच्या) बफरमध्ये! त्यात १ टक्का बीएसए, म्हणजे गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन, आणि ब्लँक मात्र साध्या बफरचा. अल्ब्युमिन स्वतःच या एस्टरशी अभिक्रिया करतं आणि पिवळं नायट्रोफेनॉल सोडतं. ते अ‍ॅसिटाझोलामाइडला काय जुमानणार? बीएसए असलेला ब्लँक लावला आणि तिची जवळजवळ सगळी ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ त्यातच दिसली.

एन्झाइम ट्यूबला चिकटू नये म्हणून मी बीएसएऐवजी किंचित ट्वीन-२० हे डिटर्जंट घालते, ब्लँकमध्येही तेवढंच. एन्झाइमची नवी ट्यूब उघडली की आधी प्लेटवर तीनच वेल (खळगे): बफर, एन्झाइम, एन्झाइम अधिक अ‍ॅसिटाझोलामाइड. तिसरी पहिलीच्या जवळ आली नाही, तर पुढची प्लेट लावायची नाही. घाई असलेल्यांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. नंतर महिनाभराचा डेटा टाकून देताना तेच रडतात.

सोडियम अझाइड घातलेलं बफर नको. अझाइड एन्झाइममधल्या झिंकला धरून त्याचं काम दाबतं.

वेगवेगळ्या पीएचची तुलना ४०५ वर करू नका. नायट्रोफेनॉलचा पीकेए ७.१ च्या आसपास आहे आणि पिवळं दिसतं ते त्याचं आयनिक रूपच. अशा वेळी ३४८ नॅनोमीटरला वाचा, तिथे दोन्ही रूपं सारखीच मोजली जातात.

मागवताना नंबर नीट बघा. मानवात या कुटुंबाचे १५ सभासद आहेत. सीए-३ (कार्बोनिक अनहायड्रेज-३) अगदीच मंद, तर ८, १० आणि ११ मध्ये झिंक धरणारे हिस्टिडीन पुरे नसल्याने त्यांच्याकडून काम होतच नाही.

एस्टरचा स्टॉक कोरड्या अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये, त्या दिवशीचाच.

पावसाळ्यात फ्रीझरमधली कोरड्या पावडरची ट्यूब लगेच उघडू नका, आत दमट हवा शिरते. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, छोटा स्पिन द्या, मग झाकण काढा. विरघळवल्यावर लगेच अ‍ॅलिकॉट (छोटे वाटे) करून उणे ८० ला.