‘असतं तर’ इंग्रजीत आणताना

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी इंग्रजी शिकवते. ‘घडलं त्यापेक्षा वेगळं घडलं असतं तर’ ही कल्पना त्यांना समजावून सांगावी लागत नाही. ‘तू फोन केला असतास तर मी थांबले असते’ असं आपण रोज बोलतो, आणि फोनही आला नाही, थांबणंही झालं नाही, हे ऐकणाऱ्याला न सांगता कळतं. घोळ होतो तो क्रियापदांचा.

मराठीत ‘असता-असते’ दोन्ही बाजूंना येतं. तीच सवय इंग्रजीत उतरते आणि तोंडातून निघतं, ‘इफ यू वुड हॅव कॉल्ड, आय वुड हॅव वेटेड’. अमेरिकी बोलण्यात हे ऐकू येतं खरं. सिरीज बघणारी मुलं मला पुरावाही दाखवतात. पेपरात मात्र त्याचे मार्क जातात. ‘इफ’च्या बाजूला ‘हॅड’ आणि तिसरं रूप, परिणामाच्या बाजूला ‘वुड हॅव’ आणि तिसरं रूप: ‘इफ यू हॅड कॉल्ड, आय वुड हॅव वेटेड’.

या रचनेचं ‘थर्ड कंडिशनल’ हे नाव आधी पाठ करू नका. खरोखर घडलेलं साधं लिहा: अलार्म लावला नाही, लोकल चुकली. आता दोन्हीकडचं हो-नाही उलटं करा. ‘इफ आय हॅड सेट द अलार्म, आय वुडन्ट हॅव मिस्ड द ट्रेन.’ स्वतःच्या आठवड्यातल्या अशा जोड्या उलटवत राहिलात की जीभ आपोआप वळते.

खरी मेख पुढेच आहे. ‘माझ्याकडे पैसे असते तर फ्लॅट घेतला असता.’ हे आजचं की दहा वर्षांपूर्वीचं? मराठीत दोन्ही चालतं, संदर्भावरून समजून घ्यायचं. इंग्रजी इथे सवलत देत नाही. आज खिसा रिकामा असेल तर ‘इफ आय हॅड द मनी, आय वुड बाय द फ्लॅट’. तेव्हा रिकामा होता तर ‘इफ आय हॅड हॅड द मनी, आय वुड हॅव बॉट इट’. दोनदा ‘हॅड’ आलं की मुलं बिचकतात आणि एक खोडून टाकतात. खोडू नका: पहिलं काळाचं, दुसरं पैसे असण्याचं. आणि अट कालची, परिणाम आजचा असेल तर? ‘सायन्स घेतलं असतं तर आज इंजिनिअर असते’: ‘इफ आय हॅड टेकन सायन्स, आय वुड बी अ‍ॅन इंजिनिअर नाऊ’. इथे ‘हॅव’ नको.

इंटरव्ह्यूत हे हमखास लागतं. कॉलेजच्या प्रोजेक्टबद्दल विचारतात, ‘व्हॉट वुड यू हॅव डन डिफरन्टली?’ फ्रेशर घाईत ‘आय विल…’ करून सुरुवात करतो आणि उत्तर भविष्यात जाऊन पडतं. ‘आय वुड हॅव टेस्टेड इट ऑन अ चीप फोन फर्स्ट’ एवढं नेमकं वाक्य पुरतं. परिणामाची खात्री नसेल तर ‘माइट हॅव’ म्हणा. ‘वुड हॅव’मध्ये छातीठोक दावा असतो आणि त्यावर पुढचा प्रश्न येतो.

ऐकताना ‘आयड’ने फसू नका: ‘आय हॅड’ आणि ‘आय वुड’ दोन्ही आखडून ‘आयड’च होतात. ‘आयड गॉन’ म्हणजे ‘हॅड’, ‘आयड हॅव गॉन’ म्हणजे ‘वुड’.

नोकरी लागल्यावर औपचारिक ईमेलमध्ये ‘इफ’ गाळलेलं वाक्यही भेटेल: ‘हॅड वी नोन अर्लियर, वी वुड हॅव इन्फॉर्म्ड यू’. तो प्रश्न नाही. उत्तर पाठवायला बसू नका.