हेड पोर्टिंग: इनटेक-एक्झॉस्टचा मेळ बसवताना या चुका टाळा

एक्झॉस्टचा (जळालेला वायू बाहेर जाण्याच्या वाटेचा) फ्लो, म्हणजे वायू वाहून नेण्याची क्षमता, इनटेकच्या (हवा आत येण्याच्या वाटेच्या) 75 ते 80 टक्के असावा, हा ठोकताळा पोर्टिंग करणाऱ्या, म्हणजे सिलिंडर हेडमधल्या या वाटा (पोर्ट) कोरून सुधारणाऱ्या बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो. टर्बो नसलेल्या इंजिनासाठी तो अंदाज म्हणून ठीक आहे. पण तो आकडा गाठायचाच म्हणून एक्झॉस्ट पोर्ट कोरत सुटू नका. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त दाब असतो, त्यामुळे जळालेला वायू स्वतःच्या जोरावर सुटतो. इनटेकच्या मागे असा जोर नसतो, म्हणून त्याचा व्हॉल्व्ह मोठा ठेवतात. इनटेक सुधारल्यामुळे टक्केवारी घसरली असेल, तर काहीही बिघडलेलं नाही. उलट टक्केवारी जुळावी म्हणून चांगला इनटेक तसाच सोडून देणं, हे मला सगळ्यात वाईट वाटतं.

टक्केवारी विचित्र आली तर ग्राइंडर उचलण्याआधी फ्लो बेंचवरचं (ठरावीक दाबफरकावर हेडमधून जाणारी हवा मोजणाऱ्या यंत्रावरचं) मोजमाप तपासा. इनटेक 28 इंच पाण्याच्या दाबफरकावर आणि एक्झॉस्ट 10 इंचांवर मोजला असेल, तर ते आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत. फ्लो दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून 10 इंचांवरच्या आकड्याला सुमारे 1.67 ने गुणा. इनटेकच्या तोंडाला क्लेची गोलसर कड लावली होती का? एक्झॉस्टला पाइपचा तुकडा जोडला होता का? पाइप लावला की आकडा सहसा वाढतो, त्यामुळे आधीची आणि नंतरची चाचणी एकाच पद्धतीने झालेली हवी.

फक्त कमाल लिफ्टचा (व्हॉल्व्ह जास्तीत जास्त जितका उघडतो त्या उंचीचा) आकडा पाहणं ही नेहमीची चूक. कमाल लिफ्टला व्हॉल्व्ह एकदाच पोहोचतो, मधल्या लिफ्टवरून मात्र उघडताना आणि मिटताना असा दोनदा जातो. म्हणून दोन्ही बाजूंची तुलना प्रत्येक लिफ्टवर करा. लिफ्ट वाढवूनही फ्लो थबकला किंवा घसरला आणि बेंचवर फडफड ऐकू आली, तर आधी शॉर्ट साइडवर (पोर्टच्या वळणाच्या आतल्या, आखूड बाजूवर) संशय घ्या: तिथलं वळण तीव्र झालं की हवा भिंत सोडते. हे दुखणं पोर्टचं छत उंच करून जात नाही. वळणाची गोलाई हलक्या हाताने सुधारा आणि प्रत्येक फेरीनंतर पुन्हा मोजा. धातू काढणं सोपं असतं, परत भरायला वेल्डिंग लागतं, आणि पाण्याच्या जॅकेटला भोक पडलं तर हेडच धोक्यात येतं.

पोर्ट गॅस्केटच्या मापापर्यंत सरसकट उघडू नका. तसं केलं तर इनटेकमध्ये हवेचा वेग पडतो आणि कमी आरपीएमवर इंजिन मंद वाटतं. एक्झॉस्टला पाइपचं तोंड पोर्टपेक्षा किंचित मोठं असलं तर चालतं, लहान मात्र नको.

सगळं करूनही एक्झॉस्ट कमजोरच राहिला, तर एक्झॉस्टचं ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ) थोडं जास्त असलेला कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) निवडा. पण त्याआधी मॅनिफोल्ड आणि सायलेन्सरमधला बॅकप्रेशर (बाहेर जाणाऱ्या वायूला अडवणारा दाब) मोजून घ्या.