नर की मादी? आधी आई-बाप विचारा

एकदिवसीय पिल्लं आणायची, महिना-दीड महिना वाढवायची आणि परसात कोंबड्या पाळणाऱ्यांना विकायची, या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांसाठी हे लिहितोय. ब्रूडर (पिल्लांना ऊब देण्याची सोय), तूस, लसी यांची माहिती तुम्ही काढली असेलच. पण गिऱ्हाईक फोनवर आधी विचारतं ते दुसरंच: "जात कुठली, आणि तलंगा (तरुण माद्या) किती?" या दोन प्रश्नांनी माझी जेवढी झोप उडवली तेवढी मानमोडी रोगानेही उडवली नव्हती.

आधी जात, मग नर-मादी. हा क्रम सोडू नका, कारण नर-मादी ओळखायची जवळपास प्रत्येक सोपी युक्ती पिल्लाच्या आई-बापांवर अवलंबून असते. मला फसवलं ते इथेच.

पंखाची युक्ती तुम्ही व्हिडिओत पाहिली असेल. पिल्लाचा पंख हलकेच उलगडला की काठाला पिसांच्या दोन ओळी दिसतात, उड्डाणाची पिसं आणि त्यांच्या बुडाशी झाकणारी पिसं. उड्डाणाची ठळक लांब असतील तर मादी, दोन्ही सारखी किंवा झाकणारीच लांब असतील तर नर. मी माझ्या आरआयआरच्या (ऱ्होड आयलंड रेड या तांबड्या जातीच्या) बॅचवर हे केलं आणि दोन पेट्या वेगळ्या काढल्या. पुढे दोन्ही पेट्यांत तुरे सारखेच लाल झाले, म्हणजे नर दोन्हींत निघाले.

का, ते नीट समजून घ्या. पिल्लू नर होणार की मादी हे कोंबडी ठरवते, कोंबडा नाही. लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांची जोडी नरात झेड-झेड, मादीत झेड-डब्ल्यू. मादी पिल्लाला तिचा एकुलता झेड बापाकडून मिळतो. नराला एक बापाचा, एक आईचा. पिसं सावकाश फुटण्याचा गुण या झेडवर बसलेला आहे आणि तो वरचढ आहे, म्हणजे एका झेडवर असला तरी दिसतो. म्हणून आई सावकाश पिसांची आणि बाप झटपट पिसांचा असा जोड मुद्दाम लावला, तरच नर सावकाश आणि माद्या झटपट निघतात. व्हिडिओतली पिल्लं अशा जोडाची असतात, हे व्हिडिओवाला सांगत नाही. जोड उलटा लावला, किंवा दोघंही एकाच प्रकारचे असले, तर पंख काहीही सांगत नाही.

मग माझ्या बॅचमध्ये लांब आणि आखूड पिसं दिसली कशी? मशीनमधली सगळी अंडी एका वेळी फुटत नाहीत. पहिल्या आणि शेवटच्या पिल्लात सहज काही तासांचं, कधी दिवसभराचंही अंतर पडतं, आणि आधी फुटलेल्याची पिसं तेवढी पुढे जातात. मी 'माद्या' म्हणून बाजूला काढलेली पेटी ही निव्वळ लवकर उठणाऱ्यांची पेटी होती. बरं, जोड बरोबर असला तरी ही खूण पहिल्या एक-दोन दिवसांचीच. नंतर सगळे पंख सारखे दिसू लागतात.

रंगाचंही तेच. आरआयआरचा कोंबडा आणि चंदेरी गुणाची (पिसांत तांबड्याऐवजी पांढरा-चंदेरी रंग आणणाऱ्या गुणाची) कोंबडी असा जोड असेल तर माद्या तांबूस आणि नर फिके पिवळे निघतात. प्लायमाउथ रॉकची पट्टेरी कोंबडी आणि आरआयआर कोंबडा असेल तर सगळी पिल्लं काळी, पण नरांच्या डोक्यावर पांढरा ठिपका. ही पिल्लं मोठी करून त्यांचीच अंडी उबवलीत तर मात्र पुढच्या पिढीत ही खूण चालत नाही.

जातीच्या बाबतीत सगळ्यात जास्त लुबाडणूक कडकनाथची, म्हणजे काळ्या कातडीच्या, काळ्या मांसाच्या जातीची. झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि काळं दिसेल ते पिल्लू कडकनाथच्या भावात जाऊ लागलं. पाठीचा रंग बघू नका. पिल्लू उलटं धरा, तळवा बघा, चोच उघडून जीभ बघा; दोन्ही गडद हवेत. ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प या काळ्या पिसांच्या जातीचं पिल्लूही पाठीवर काळं असतं, पण पोट पिवळट पांढरं आणि तळवे फिके. पेटीत निम्म्यांची कातडी काळी आणि निम्म्यांची उजळ असेल तर पैसे परत मागा, ती भेसळच आहे.

गिरिराज आणि वनराज या परसातल्या सुधारित जाती पहिल्या दिवशी नुसत्या नजरेने वेगळ्या सांगणारा माणूस मला भेटलेला नाही. दोन्हींत पिल्लं रंगीबेरंगी. तिथे पावतीवर विश्वास, आणि पावती देणाऱ्यावर. आठवडी बाजारात गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं 'गावरान' म्हणून मिळतात, ती बहुधा लेयर (अंड्यांसाठीच्या कोंबड्यांच्या) हॅचरीतून बाहेर काढलेले पांढरे नर. नर-मादीची जवळजवळ खात्री देणारी ती एकच पेटी!

गुदद्वार उलगडून आतल्या बारीक उंचवट्यावरून नर ओळखण्याची जपानी पद्धत खरी आहे. मासुई आणि हाशिमोतो या जपानी संशोधकांनी ती 1920च्या दशकात पुढे आणली. कसलेले लोक तासाला हजाराच्या आसपास पिल्लं निवडतात. पण त्यामागे वर्षांची तालीम असते, आणि मादीतही कधी कधी तसा बारीक उंचवटा असतोच. एका दिवसात हे शिकवून प्रमाणपत्र देणाऱ्या शिबिराला पैसे देऊ नका. चुकीच्या दाबाने पोटातला बलक फुटतो आणि पिल्लू मरतं.

त्यापेक्षा मरतुकीकडून शिका. वाईट वाटेल, पण मेलेलं पिल्लू हातमोजे घालून उघडा. कण्याच्या दोन्ही बाजूंना, मूत्रपिंडांच्या पुढच्या टोकाशी तांदळाएवढे दोन फिके वृषण असतील तर नर. फक्त डावीकडे चपटा अंडाशय असेल तर मादी. इथे शंकेला जागा नाही. उघडण्याआधी तुमचा अंदाज मात्र वहीत लिहून ठेवा. मला ज्यांनी हे शिकवलं ते बोलायचे कमी आणि हातात मेलेलं पिल्लू द्यायचे. गुरू असावा तर असा.

धीर सोडू नका. पाचव्या आठवड्याच्या आसपास आरआयआर आणि गिरिराजमध्ये नराचा तुरा लाल, मोठा आणि पाय जाड दिसू लागतात. कडकनाथचा तुरा जांभळटच, तिथे लाली शोधू नका, आकार बघा. असील या झुंजीच्या जातीचा तुरा मुळातच बसका, त्यामुळे घाई नको. शंका राहिली तर तीन महिन्यांच्या सुमारास शेपटीच्या बुडाशी टोकदार, चमकदार पिसं येतात ती नराचीच. तोवर अंदाजानुसार पायात रंगीत रिंगा घाला आणि चुकलेल्या रिंगा मोजत राहा.

एकदिवसीय पिल्लांत 'फक्त माद्या देतो' म्हणून आगाऊ पैसे घेऊ नका, कितीही गोड बोललं कोणी तरी. मिश्र बॅचमध्ये साधारण निम्मे नर निघणारच. बॅच अशी धरा की ते गटारीच्या आधी वजनाला येतील. श्रावण लागला की भाव पडतो आणि खाद्याचा खर्च तुमच्या अंगावर.