फ्रेंच शॉर्ट फिल्म कशी बघायची: एकच फिल्म, पण दोनदा

फ्रेंच शिकत असाल किंवा नुसती सिनेमाची आवड असेल, तर दोन तासांच्या पिक्चरपासून सुरुवात करू नका, सरळ शॉर्ट फिल्म घ्या. फ्रान्समध्ये तासाभराच्या आतली फिल्म शॉर्टमध्येच धरतात, पण आधी वीस-पंचवीस मिनिटांचीच निवडा. आणि विषय घ्यायचा तर ‘या जगात माझी जागा कुठंय’ हा घ्या, यावर त्या भाषेत फार मनापासून काम झालंय.

पहिली बघा ‘बोरोम सारेत’. १९६३ सालची, उस्मान सेम्बेनची, पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलच्या डकार शहरातली, वीसेक मिनिटांची. एक गरीब गाडीवाला घोडा जुंपून सकाळी निघतो, वाटेत एक गाणारा त्याच्या पूर्वजांची स्तुती गातो आणि हा भारावून जाऊन हातातली सगळी कमाई त्याला देऊन टाकतो. पुढे एक सुटाबुटातलं गिऱ्हाईक त्याला पटवून श्रीमंत वस्तीत नेतं, जिथं घोडागाड्यांना बंदीच आहे. पोलीस अडवतो. कागद काढताना त्याचं लढाईतलं मेडल खाली पडतं आणि पोलिसाचा बूट बरोब्बर त्यावर येतो. तिथं पॉज करा आणि नीट बघा, कारण देश १९६० ला फ्रान्सपासून स्वतंत्र झालाय तरी या माणसाची जागा बुटाखालीच आहे, आणि हे कुणी बोलून दाखवत नाही.

तर पहिल्यांदा बघताना शब्दांच्या मागे लागू नका, इंग्रजी सबटायटल चालू ठेवा आणि माणूस कुठं उभा आहे एवढंच बघा, दारात की दाराबाहेर, खुर्चीत की खुर्चीसमोर.

दुसऱ्यांदा फ्रेंच सबटायटल लावा (मिळाले तर), वही घ्या, दोन रकाने पाडा, एकात ‘त्यु’, एकात ‘वू’, म्हणजे आपलं तू आणि तुम्ही. इंग्रजीत दोन्हीचं ‘यू’ होतं आणि अर्धी गंमत तिथंच जाते, पण आपल्या मराठी कानाला साहेबानं अरे-तुरे केलं की अहो-जाहो ते लगेच टोचतं ना, तोच कान इथं वापरायचा. मला तरी फ्रेंच खरं कळायला लागलं ते या दोन रकान्यांमुळं. ‘बोरोम सारेत’मध्ये अजून एक ऐका, वोलोफ ही तिथली भाषा बोलणाऱ्या शहरातल्या त्या गाडीवाल्याच्या मनातला आवाजसुद्धा फ्रेंचमध्ये आहे.

मग सेलिम अझाझीची २०१६ ची ‘एन्मी अँतेरियर’ घ्या. जवळजवळ सगळी एका खोलीत घडते, नव्वदच्या दशकातला फ्रान्स, अल्जेरियात जन्मलेला माणूस नागरिकत्वाच्या मुलाखतीला बसलाय. तो जन्मला तेव्हा अल्जेरिया फ्रान्सचाच भाग होता! समोरचा अधिकारी मशिदीत कोण कोण भेटायचं, नावं सांगा, असं विचारत जातो. इथं सारखं थांबवू नका, सलग बघा, प्रश्नांचा दाब थांबल्यावर कळत नाही.

नंतर मायमूना दुकूरेची ‘मामाँ’ बघा, आठ वर्षांच्या आयदाच्या घरी बाबा सेनेगलहून दुसरी बायको आणि तान्हं बाळ घेऊन येतात, सगळं त्या पोरीच्या नजरेतून.

शोधायला सोपं म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत युनिफ्रान्सचा (फ्रेंच सिनेमा जगभर पोचवणारी संस्था) ‘माय फ्रेंच फिल्म फेस्टिव्हल’ ऑनलाइन असतो, त्यात शॉर्ट फिल्मही असतात. क्वेबेकचं, म्हणजे कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांताचं, फ्रेंच ऐकायचं असेल तर कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाच्या साइटवर बरंच काही फुकट आहे, फक्त तिथले उच्चार पॅरिसपेक्षा खूप वेगळे, पहिली पाच मिनिटं कान बसू द्या.