भंडारदऱ्याला कधी जायचं, कसं फिरायचं : बाराही महिन्यांचा प्लॅन

"भंडारदऱ्याला जायचंय, कधी जाऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, तुम्हाला बघायचंय काय? कारण होतं असं की बहुतेक लोक जुलै-ऑगस्टमधला एखादा रविवार पकडतात, निम्मा दिवस ट्रॅफिकमध्ये जातो, एका धबधब्यापाशी फोटो, कांदाभजी, आणि अंधार पडायच्या आत परत. मग म्हणतात छान आहे पण गर्दी फार. अहो, हे खोरं दर दोन महिन्यांनी वेगळं दिसतं, आणि ते एका रविवारात मावत नाही. म्हणून पहिली पायरी हीच, आधी ऋतू ठरवा, जागा नंतर.

आधी नकाशा डोक्यात बसवा

हे सगळं अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात येतं (मॅपवर अकोला टाकाल तर थेट विदर्भात जाल). मध्ये प्रवरा नदी अडवून केलेला मोठा जलाशय, एका अंगाला कळसूबाईची रांग, दुसऱ्या अंगाला रतनगड, आणि पश्चिमेला घाटघरपाशी जमीन एकदम तुटते आणि खाली कोकण. धरणाचं काम १९१० ला सुरू झालं आणि १९२६ ला पूर्ण झालं, म्हणून अजूनही विल्सन डॅम, आर्थर लेक ही इंग्रजी नावं ऐकू येतात. जलाशयाला आता राघोजी भांगरे यांचं नाव आहे, ते ह्याच मातीतले, इंग्रजांविरुद्ध उठाव केला म्हणून १८४८ साली ठाण्याला फाशी गेलेले. मुलांना घेऊन जाणार असाल तर एवढं तरी गाडीत सांगा.

शेंडी हे धरणाजवळचं मुख्य गाव. तिथून तलावाभोवती रस्ता फिरतो, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे आणि परत शेंडी. अंतर फार नाही पण घाई केलीत तर काहीच दिसणार नाही, पूर्ण दिवस ठेवा.

पोचायचं कसं

मुंबईकडून कसारा घाट, इगतपुरी, घोटी, मग उजवीकडे वळून बारीमार्गे शेंडी. पुण्याकडून नाशिक हायवेने संगमनेर, तिथून अकोले, राजूर, शेंडी. राजूरला पेढे घ्या, तिथले पेढे खरंच नावाजलेले आहेत आणि परतताना घेऊ म्हटलं की राहून जातं. गाडी नसेल तर रेल्वेने इगतपुरी आणि पुढे घोटीहून एसटी किंवा जीप, फक्त परतीची शेवटची गाडी किती वाजता ते उतरल्या उतरल्या विचारून ठेवा. पेट्रोल घोटी नाहीतर राजूरलाच भरा, कॅश जवळ ठेवा, कारण रतनवाडी-साम्रदकडे मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही आणि मग ते क्यूआर कोड काय कामाचे. हा अभयारण्याचा भाग आहे, नाक्यावर प्रवेश फी घेतात, पावती सांभाळा.

राहायला शेंडीत हॉटेलं आहेत, तलावाकाठी टेन्ट आहेत, पण माझं स्पष्ट मत, एक रात्र तरी गावातल्या घरात काढा. रतनवाडीला एका घराच्या ओट्यावर आम्ही जेवलो होतो, चुलीसमोर मावशी नागलीची भाकरी थापत होत्या, तव्यावरून काढून थेट निखाऱ्याला उभी लावली की ती फुगायची, ताटात पिठलं, खुरासणीची चटणी आणि इथलाच भात. "अजून अर्धी घ्या ना ताई" म्हणत दोन भाकऱ्या कधी पोटात गेल्या कळलं नाही. जेवण हवं असेल तर सकाळीच सांगून ठेवा, किती माणसं तेही नक्की सांगा, ऐनवेळी दहाचे चौदा झालात तर त्या घराची धावपळ होते.

पावसाळा : जून शेवट ते ऑगस्ट

घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही. ह्या दिवसांत छत्री निरुपयोगी, अंगभर रेनकोट, ग्रिपचे बूट आणि कपड्यांचे दोन जास्तीचे जोड. शनिवार-रविवार टाळा, सुट्टी टाकून मंगळवार-बुधवारी जा, तेवढ्यानेच ट्रिपचा दर्जा बदलतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूला भाताची आवणी चालू असते, डोक्यावर इरलं घेऊन बायका वाकलेल्या, चिखलणीला बैल, हे थांबून बघण्यासारखं आहे पण बांधावर गाड्या लावू नका आणि न विचारता फोटो काढू नका.

रंधा धबधबा ह्या काळात जोरात असतो, साधारण १७० फुटांवरून प्रवरा खाली कोसळते. रेलिंगच्या आत उभे राहून बघा, पुरे आहे. अम्ब्रेला फॉल मात्र धरणातून पाणी सोडलं तरच दिसतो, त्यामुळे निघण्यापूर्वी राहायच्या ठिकाणी फोन करून विचारा.

रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर चुकवू नका. काळ्या दगडातलं, कोरीवकामाने भरलेलं जुनं शिवालय, आणि भर पावसात गाभाऱ्यात पाणी साचतं, पिंड पाण्याखाली जाते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा पायऱ्या उतरता उतरता पाणी पायाला लागलं, गार, आणि दिव्याचा उजेड त्या पाण्यावर हलत होता, कुणी बोलत नव्हतं. शेजारची पुष्करणीही बघा.

ह्या काळात सांदण दरीत उतरायचं नाही, कुणी "थोडंसं जाऊन येऊ" म्हटलं तरी नाही. ती अरुंद घळ आहे, वर पडलेला पाऊस तिच्यातूनच खाली जातो. रतनगडाच्या वाटेवरचे ओढेही अचानक फुगतात, सकाळी गुडघाभर असलेलं पाणी दुपारी ओलांडता येत नाही, त्यामुळे स्थानिक वाटाड्याशिवाय तो बेत करू नका.

गणपती ते दिवाळी : माझा सगळ्यात आवडता काळ

पाऊस ओसरतो, गर्दी जाते, आणि डोंगर पिवळे होतात. सोनकी आणि तेरडा फुललेला असतो, भात पोटरीला आलेला, तलाव काठोकाठ. एकदाच जायला जमणार असेल तर ह्याच दिवसांत जा.

कळसूबाई ह्याच काळात करा. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, पायथ्याचं गाव बारी. वाट मळलेली आहे, अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत, सवय नसेल तर वर जायला साडेतीन-चार तास धरा. पहाटे लवकर निघा, माणशी दोन लिटर पाणी, आणि गुडघे दुखत असतील तर काठी, कारण त्रास उतरताना होतो. वर देवीचं छोटंसं मंदिर. नवरात्रात यात्रा असते, आजूबाजूच्या गावांतल्या आज्या नऊवारीत, कुणी कुणी अनवाणी, बोलत बोलत चढतात. त्या दिवसांत शिड्यांवर रांग लागते, शांतता हवी असेल तर नवरात्राच्या आधी किंवा नंतर जा.

हिवाळा : नोव्हेंबर ते फेब्रुवारी

आता सांदण दरी. साम्रद गावातून पायी जायचं, जमिनीला चीर पडल्यासारखी घळ, दोन्ही बाजूला उंच कातळ, काही ठिकाणी ऊन खालपर्यंत पोचतच नाही. मध्ये पाण्याचे डोह लागतात, कमरेपर्यंत भिजायची तयारी ठेवा, मोबाईल प्लॅस्टिकमध्ये. नवशिक्यांनी डोह ओलांडून थोडं पुढे जाऊन परत फिरावं, त्यापुढे दोर लावून उतरावं लागतं, ते काम अनुभवी ग्रुपबरोबरच.

रतनगडही आताच. रतनवाडीतून जंगलातली वाट, शेवटी शिड्या, आणि माथ्यावर नेढं, म्हणजे डोंगराला आरपार पडलेलं भोक. त्यात बसलं की वारा एका बाजूने शिरून दुसरीकडे निघतो, टोपी हातात धरावी लागते, आणि समोर अलंग, मदन, कुलंग हे किल्ले ओळीने उभे. जंगलात नशीब असेल तर शेकरू दिसतो, आवाज कमी ठेवलात तर.

तलावाकाठी टेन्टमध्ये राहणार असाल तर स्वेटर आणि कानटोपी दोन्ही घ्या, रात्री पाण्यावरून येणारा गारठा पुण्या-मुंबईच्या थंडीसारखा नसतो. स्पीकर घरी ठेवा. आकाश इतकं स्वच्छ असतं की लहान मुलंसुद्धा झोपायला तयार होत नाहीत.

उन्हाळा आणि काजवे

मार्च-एप्रिल मी कुणाला फारसा सुचवत नाही. तलाव आटलेला, ऊन कडक, शेतात राब भाजल्याचे (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून भाजलेल्या जमिनीचे) काळे चौकोन. आणि लक्षात घ्या, धरणाला खेटून असलेल्या वाड्यांवरच्या बायका ह्या दिवसांत लांबून पाणी आणतात. पाहुण्यांनी बादल्या भरभरून अंघोळी करायच्या नाहीत, साधी गोष्ट आहे.

पण मेच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून पाऊस जोरात लागेपर्यंत काजव्यांचा हंगाम, आणि त्यासाठी मुद्दाम यावं. घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत, कोलटेंभे, ह्या पट्ट्यात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते लाखोंनी बसतात. चमकून नर मादीला बोलावतो, प्रकाश मारलात की त्यांचं बोलणंच तुटतं. माद्या बऱ्याचदा खाली गवतात असतात, म्हणून झाडाखाली गवत तुडवत जाऊन सेल्फी काढणं म्हणजे पुढच्या वर्षीचे काजवे पायाखाली घालणं.

तर करायचं असं. दिवसाउजेडी मुक्कामी पोचा, अमावस्येच्या जवळची रात्र निवडा, गाडी लांब ठेवून गावातल्याच माणसाला बरोबर घेऊन चालत जा. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावा आणि जमिनीकडेच धरा, फ्लॅश बंद, अंगाला वासाचं काही लावू नका. झाडापासून लांब, रस्त्यावरच उभे राहा आणि मोबाईल खिशात टाका, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. आधी इथे एक, तिथे एक असं वाटतं. मग एक फांदी लागते, ती विझायच्या आत शेजारची, आणि बघता बघता अख्खं झाड एका तालात उजळतं, पूर्ण काळं होतं, परत उजळतं. आमच्याबरोबर आलेली सहा वर्षांची भाची तेव्हा कुजबुजली, "मावशी, झाड श्वास घेतंय."